निंभोऱ्याहून डब्लिन, एक थांबा

प्रिंटरची शाई संपत आलेली,
म्हणून डब्लिनमधला ड फिका आला.
सुभान तडवी काउंटरवर कोपर टेकून उभे.
रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पाना-हातोडा जमा झाला,
पण डावा खांदा अजून बोटभर खालीच.
त्याला कुणी कळवलेलं नाही.

“कितलं लांब हाये ते?”

मुंबईपासून सात हजार सहाशे किलोमीटर, मी म्हणालो.
सात हजार सहाशे. त्यांनी तोंडात घोळवून पाहिलं,
बदलून आलेल्या साहेबाचं आडनाव घोळवावं तसं.
त्यांच्या हयातीतला सगळ्यात मोठा आकडा
चारशे सत्तरच्या जरा पुढचा, चुना मारलेल्या दगडावरचा,
आणि तोही मुंबईपासूनच मोजलेला.
“तिकडं दगड कोणी रोवले? पाण्यात?”

मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.
काका, तुमची बीट किती होती?
“जाऊन-येऊन नऊ.”
वर्षाचे दिवस धरू दोनशे नव्वद. वर्षं एकतीस.
ऐंशी हजार नऊशे दहा.
म्हणजे तुम्ही पाच वेळा डब्लिनला जाऊन परत आलात,
आणि सहाव्यांदा निघून
काळ्या समुद्राच्या आसपास कुठेतरी रिटायर झालात.

हसले नाहीत. विचार केला त्यांनी, खरोखर केला.
“दिसलं नाही काही,” म्हणाले. “दोन्ही बाजूंनी केळीच होती.”

बाकावर फिरोजा मोबाइलवर कुणाला तरी विचारतेय,
तेवीस किलोत कळण्याचं पीठ किती बसवू,
आणि ड्यूटीच्या बुटांचं वजन धरतात का.
आमच्या गणिताकडे तिचं लक्ष नाही.

“टाइम?”
पहाटे चार दहाला सुटेल.
अबू धाबीला दोन तास पन्नास मिनिटं थांबेल.
एकूण चौदा तास दहा मिनिटं.
पण तिथल्या घड्याळात दुपारच्या एक पन्नासला पोचेल.
त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
“साडेचार तास बिफोर?
आमच्या सेक्शनात असं झालं असतं तर चौकशी लागली असती.
ते साडेचार तास राहतात कुठं मग?”
इथंच, मी म्हणालो. आपल्याकडे.
“हं. म्हणजे आपल्याला जास्तीची ड्यूटी.”

मग ते रुळाबद्दल बोलले. मला वाटतं रुळाबद्दलच.
की मे महिन्यात, शेचाळीस डिग्रीला, लोखंड लांबतं,
जुन्या सांध्यांच्या फटी मिटून जायच्या,
रूळ पोट काढून बाहेर यायचा.
“उन्हाळ्यात भुसावळ थोडं लांब असतं. कोणी मानत नाही.
थंडीत आखडतं पुन्हा. फटीत बोट जायचं.”
ती परत कधी, हे मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले,
“डिसेंबरात येते म्हणते. बरंय.
डिसेंबरात अंतर कमी राहतं.”

बाहेरून अप मालगाडी गेली,
डबीतल्या स्टेपलरच्या पिना थरथरल्या.
ती ऐकू यायच्या आधीच त्यांची मान वळली होती.
किती लांबून कळतं?
“रूळ चांगला असला आणि कान टेकवला, तर चार किलोमीटर.
कधी पाच.”
थांबले. वर पत्र्याकडे पाहिलं.
“वर काय असतं रे, ज्याला कान टेकवता येईल?”

मला माहीत असतं तर सांगितलं असतं.
मी म्हणालो, प्रिंटचे दहा रुपये.
त्यांनी वीस ठेवले.
“अजून एक काढ. तो ड नीट येऊ दे.”